फिक्या पट्ट्यांचा हिशेब

व्यापाऱ्याच्या घरात सकाळची पहिली नजर कोठे जाते, यावरून त्या घराची पुष्कळशी ओळख पटते. काही घरांत ती रोकडवहीवर जाते, काही घरांत वर्तमानपत्रातील बाजारभावांवर. सांगलीच्या पेठेतील एका हळदीच्या अडत्याच्या घरी मात्र ती गेली बारा वर्षे बैठकीतील काचेच्या टाकीवर जात असे. नातवाचा जन्म झाला त्या वर्षी ही टाकी आली. तिच्यात बोटाएवढे सहा मासे सोडले गेले. नारिंगी-पिवळे अंग आणि त्यावर तीन काळे रुंद पट्टे असे त्यांचे रूप होते. नातू वाढला तसे मासेही वाढले. आता त्यांतील सर्वांत मोठा वीतभर लांबीचा झाला होता. दुकान उघडण्यापूर्वी आजोबांनी टाकीपुढे खुर्ची ओढून पाच मिनिटे बसावे, नातवाने शाळेत जाताना चार दाणे टाकावेत, हा त्या घराचा नित्यक्रम होता.

एका रविवारी दुपारी टाकीची मोठी साफसफाई झाली. तळाचे दगड धुतले गेले. ज्या लाकडी ओंडक्याच्या पोकळीत मासे दिवसभर दाटीवाटीने पडून राहत, तो ओंडका कुजल्यासारखा वाटला म्हणून काढून टाकण्यात आला. सोमवारी सकाळी आजोबा खुर्चीवर बसले आणि चमकले. सहांपैकी दोन मोठ्या माशांचा रंग उडाला होता. हळदीसारखे पिवळेधमक अंग राखेसारखे झाले होते आणि काळे पट्टे धूसर पडले होते. ते दोघे एकमेकांना खेटून गोल गोल फिरत होते. मधूनच काचेतून टकटक असा बारीक आवाज ऐकू येत होता. घरात एकच बोलणे झाले, मासे आजारी पडले.

त्यानंतरच्या दोन दिवसांत त्या घरात जे घडले, ते अनेक घरांत घडते. हेतू चांगला असतो, घाई मायेपोटी असते आणि चूक हिशेबाची असते.

लोच म्हणजे कोण?

हे मासे लोच या गटातील. त्यांतील सर्वांत लोकप्रिय असलेला क्लाउन लोच हा मूळचा इंडोनेशियातील सुमात्रा आणि बोर्निओ या बेटांवरील नद्यांचा रहिवासी होय. डच लष्करी सेवेत वैद्य असलेले पीटर ब्लीकर यांनी १८५२ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे मॉरिस कोटेलाट यांनी २००४ साली त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजाती स्थापिली, तेव्हापासून त्याचे शास्त्रीय नाव क्रोमोबोटिया मॅक्राकॅन्थस असे आहे. नावाचा उत्तरार्ध मोठ्या काट्याचा निर्देश करतो. या माशाच्या डोळ्याखाली एक दुभंगलेला काटा असतो. एरवी तो त्वचेच्या घडीत दडलेला असतो आणि भय वाटताच ताठ उभा राहतो. जाळीने पकडताना हा काटा जाळीत अडकतो आणि मासा जखमी होतो. म्हणून जाणकार माणूस या माशाला जाळीऐवजी भांड्यात घेऊन हलवितो.

हा मासा एकटा राहणारा नव्हे. पाच-सहांच्या मेळ्यातच तो निर्धास्त असतो. त्याचे आयुष्य वीस वर्षांहूनही अधिक असू शकते आणि पूर्ण वाढीचा मासा ३० सेंटिमीटरपर्यंत जातो. दुकानात बोटाएवढा दिसणारा जीव घरी आणताना पुढील वीस वर्षांची जबाबदारी पत्करली जाते, हे खरेदीच्या वेळी फार थोड्यांच्या ध्यानी येते. चार फुटी टाकीही या माशांना पुढेपुढे अपुरी पडते. आणखी एक गंमत अशी की हे मासे पुष्कळदा कुशीवर आडवे पडून विसावतात. नवखा मनुष्य त्यांना मेलेले समजतो, पण टाकीला हात लागताच ते उठून पळतात.

रंग जाण्याचे अर्थ

माशाचा रंग हा भिंतीवरील रंगासारखा एकदा दिला की झाला, असा नसतो. त्वचेत रंगपेशी असतात आणि त्या पेशींत रंगकण असतात. काळे कण पेशीभर पसरले की पट्टा गडद दिसतो, तेच कण मध्यभागी गोळा झाले की पट्टा फिका पडतो. या हालचालीवर मज्जातंतूंचा आणि संप्रेरकांचा ताबा असतो. मज्जातंतूंच्या आज्ञेने होणारा बदल काही क्षणांत किंवा मिनिटांत होतो, संप्रेरकांमुळे होणारा बदल सावकाश होतो. नारिंगी-पिवळ्या छटेची गोष्ट थोडी निराळी आहे. ती मुख्यतः कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे येते आणि ही द्रव्ये माशाला स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळवावी लागतात.

यावरून फिकेपणाचे अनेक अर्थ संभवतात. दिवा एकाएकी लावला असता मासा फिका दिसला, तर तो बहुधा रात्रीचा विश्रांतीचा रंग असतो. तळाला पांढरी वाळू असली, तर मासा भोवतालाशी जुळवून घेत फिका होतो. आठवड्यांमागून आठवडे नारिंगी छटा मंदावत गेली, तर आहाराकडे पाहावे. पाण्यात अमोनिया किंवा नायट्राइट साचले, नळाच्या पाण्यातील क्लोरीन न काढताच पाणी बदलले, तापमान एकदम उतरले, तरीही रंग उतरतो. या प्रसंगी मात्र सोबत आणखी लक्षणे दिसतात. कल्ले भरभर हलू लागतात, पर अंगाशी मिटले जातात, खाणे सुटते, मासा मेळ्यापासून दूर राहतो.

आणि या सर्वांहून वेगळा असा एक अर्थ लोच माशांत आढळतो. मेळ्यात वडीलकीचा मान कोणाचा, यावरून दोन मासे झुंजू लागले की त्यांचे अंग राखाडी होते. एरवी झळकणारे पट्टे विरून गेल्यासारखे वाटतात. दोघे एकमेकांना ढकलतात, घेर धरून फिरतात, टकटक आवाज करतात. हा वाद काही मिनिटे चालतो, क्वचित काही तासही चालतो. निकाल लागला की रंग परत येतो. टाकीत नवा मासा आला, लपण्याची जागा बदलली किंवा नाहीशी झाली की असे वाद हमखास उद्भवतात. हा आजार नव्हे आणि त्याला औषधही नाही. लपण्याच्या पुरेशा जागा ठेवणे आणि पाहत राहणे, एवढेच करावयाचे असते.

सांगलीच्या त्या घरात सोमवारी सकाळी घडत होते ते हेच. ओंडका गेला होता, जागेची जुनी वाटणी मोडली होती आणि दोन मोठे मासे नव्याने हद्दी ठरवीत होते. दोघांचेही श्वास नेहमीसारखे होते. नातवाने टाकलेले दाणे दोघांनीही खाल्ले होते. पण ही नोंद कोणी घेतली नाही, कारण सर्वांचे डोळे रंगावरच खिळले होते.

पंचवीस अधिक पंचवीस

दुपारी आजोबांनी एका दुकानातून औषधाची बाटली आणली. मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मॅलिन यांचे ते मिश्रण होते. विक्रेत्याने टाकीचे माप विचारले, आजोबांनी चार फूट सांगितले. तेव्हा अडीचशे लिटर धरा, दहा लिटरला एक मिलिलिटर, म्हणजे पंचवीस मिलिलिटर घाला, असा सल्ला मिळाला. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. खवले नसलेल्या माशांसाठी अर्धी मात्रा वापरावी, असे तीत म्हटले होते. ती ओळ त्या दिवशी कोणी वाचली नाही.

संध्याकाळी पंचवीस मिलिलिटर औषध पडले. फिल्टरमुळे औषध वाया जाते असे कोणीतरी सांगितल्यामुळे फिल्टर बंद करण्यात आला. मंगळवारी सकाळी सहाही माशांचे कल्ले भरभर हलत होते आणि दोघे पृष्ठभागाजवळ तोंड उघडून राहिले होते. आजार बळावला असा अर्थ काढला गेला आणि दुपारी आणखी पंचवीस मिलिलिटर औषध ओतण्यात आले. बुधवारी पहाटे सर्वांत मोठा मासा तळाशी आडवा पडला होता. नातवाने काचेवर बोटाने टकटक केले. इतर वेळी उठून पळणारा तो मासा हलला नाही.

आजोबांच्या बहिणीची नात रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते. तिला दूरध्वनी गेला. तिने आधी इतिहास विचारला नाही, आधी काम सांगितले. तापमान जुळवून आणि क्लोरीन काढून निम्मे पाणी बदला, फिल्टर चालू करा, त्यात सक्रिय कोळशाची पिशवी ठेवा, हवेचा पंप पूर्ण जोरात लावा. दुपारपर्यंत उरलेल्या पाच माशांचा श्वास शांत झाला. मग तिने एकेक प्रश्न विचारून सगळा घटनाक्रम काढून घेतला.

नातू शेजारीच उभा होता. त्याने विचारले, “ताई, त्याला झालं होतं तरी काय?”

पलीकडून थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, “काही नाही रे. त्याला काहीच झालं नव्हतं.”

आजोबा खुर्चीवरून उठून दुकानात निघून गेले. त्या दिवशी ते जेवायला उशिरा आले.

औषध जड का जाते?

लोच माशांना खवले नसतात असे सर्रास म्हटले जाते, पण ते अक्षरशः खरे नाही. क्लाउन लोचला खवले असतात, मात्र ते अतिशय बारीक आणि त्वचेत रुतलेले असतात. रोहूसारख्या माशाच्या अंगावर जे जाड, एकावर एक चढलेले चिलखत असते, तसे संरक्षण त्याच्या त्वचेला नसते. पाण्यातील द्रव्ये सर्वच माशांच्या शरीरात मुख्यतः कल्ल्यांवाटे शिरतात, लोचच्या बाबतीत उघड्या त्वचेची भर पडते. म्हणून इतर माशांना पचणारी मात्रा त्यांना जड जाते आणि अर्ध्या मात्रेचा संकेत रूढ झाला आहे.

प्रत्येक औषधाची जात निराळी असते. मॅलाकाइट ग्रीन परजीवीला मारते, पण योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांतील अंतर थोडे असते. फॉर्मॅलिनमुळे पाण्यातील विरघळलेला प्राणवायू कमी होतो. गरम पाण्यात मुळातच प्राणवायू कमी मावतो. २५ अंश सेल्सिअसला तो लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम असतो, ३० अंशांना सुमारे ७.६ मिलिग्रॅम. अशा वेळी फिल्टर बंद करणे म्हणजे दम लागलेल्या माणसाच्या खोलीची खिडकी लावून घेणे होय. औषधकाळात फिल्टरमधील कोळसा तेवढा काढावयाचा असतो, फिल्टर थांबवावयाचा नसतो. तांब्याची औषधे मृदू पाण्यात अधिक विषारी ठरतात. मिथिलीन ब्ल्यूमुळे पाण्यातील अमोनियाचे रूपांतर करणारे उपयुक्त जिवाणू मारले जाऊ शकतात आणि मग औषधाहून अमोनियाच अधिक घातक ठरतो. मिठाचाही उपयोग होतो, तथापि लोच असलेल्या टाकीत ते थोडे आणि विरघळवून टप्प्याटप्प्यानेच घालावे लागते.

आता त्या पंचवीस मिलिलिटरचा हिशेब पाहावा. टाकीचे आतील माप १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच. गुणाकार २,४३,००० घन सेंटिमीटर, म्हणजे २४३ लिटर. विक्रेत्याचे अडीचशे येथून आले. परंतु पाणी काठापर्यंत नव्हते, ४० सेंटिमीटर उंचीपर्यंतच होते. तेव्हा १२० गुणिले ४५ गुणिले ४० म्हणजे २१६ लिटर झाले. त्यातून वाळू आणि दगडांची जागा सुमारे दहा टक्के वजा केली, तर खरे पाणी १९५ लिटरच्या आसपास राहते. दहा लिटरला एक या दराने पूर्ण मात्रा साडेएकोणीस मिलिलिटर होते. लोचसाठी अर्धी, म्हणजे पावणेदहा. प्रत्यक्षात पाणी न बदलता दोन दिवसांत पन्नास मिलिलिटर पडले. हे पाचपटीहून अधिक झाले आणि तेही निरोगी माशांवर. दुकानात हळदीच्या पोत्याचे बारदान वजा केल्यावाचून ज्या घरात कधी निव्वळ वजन धरले गेले नाही, त्या घरात टाकीचे मात्र ढोबळ माप धरले गेले.

नदीत सोडावेत काय?

त्या आठवड्यात आजी एकदा म्हणाल्या, “आपल्या हातून एक जीव गेला. उरलेले तरी कृष्णेत सोडून द्या, सुटतील बिचारे.” घरातील पुष्कळांना ते पटले. दयेची भावना त्यामागे होती, यात शंका नाही. पण ज्या दयेचा परिणाम तपासला जात नाही, तिची गत त्या औषधासारखीच होते.

काचेच्या टाकीत बारा वर्षे वाढलेल्या, दाण्यांवर पोसलेल्या माशाला नदीत सोडणे म्हणजे त्याला बहुधा मृत्यूकडे धाडणे होय. आणि समजा तो जगलाच, तर प्रश्न अधिक गंभीर होतो. परदेशी मासा आपल्याबरोबर परदेशी परजीवी आणि रोग नेऊ शकतो. अन्न आणि निवाऱ्यासाठी तो स्थानिक माशांशी स्पर्धा करतो. शोभेच्या टाक्यांतून बाहेर पडलेला सकर मासा आज भारतातील अनेक नद्या-तलावांत ठाण मांडून बसला आहे आणि मच्छीमारांची जाळी फाडत आहे.

कृष्णेच्या बाबतीत तर हा विषय अगदी घरचा आहे. या नदीच्या खोऱ्याला स्वतःचा एक लोच आहे. झेब्रा लोच, शास्त्रीय नाव बोटिया स्ट्रायाटा. नारायण राव या प्राणिशास्त्रज्ञांनी १९२० साली त्याचे वर्णन केले. पिवळसर अंगावर बारीक गडद पट्ट्यांची दाट नक्षी असलेला हा छोटा मासा पश्चिम घाटाच्या नद्यांखेरीज जगात कोठेही नैसर्गिकरीत्या सापडत नाही. कोल्हापूर परिसरातून त्याची नोंद झालेली आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. अधिवासाचा ऱ्हास आणि शोभेच्या व्यापारासाठी होणारी पकड या दोन्ही बाजूंनी त्याच्यावर ताण आहे. पाच मासे सोडवण्याच्या भावनेतून नदीतील या दुर्मीळ रहिवाशाच्या दारात रोग नेऊन ठेवला, तर तो हिशेब कोणत्या वहीत मांडावयाचा?

आजींनी हे सर्व ऐकून घेतले. “मग निदान ते जगतील तोवर नीट सांभाळा,” एवढेच त्या म्हणाल्या. टाकी राहिली. ओंडक्याच्या जागी मातीच्या दोन फुटक्या कुंड्या आडव्या ठेवण्यात आल्या, त्यांच्या धारदार कडा घासून बोथट करण्यात आल्या. आजोबांनी दुकानातून एक कोरी वही आणली. तिच्यात तारीख, तापमान, पाणी किती बदलले, मासे काय वागले आणि घरातील माणसांनी काय केले, असे रकाने आखले गेले.

पांढरे ठिपके

चार महिन्यांनी दोन लहान क्लाउन लोच आणण्यात आले. या वेळी ते थेट टाकीत गेले नाहीत. माळ्यावरची जुनी दोन फुटी टाकी खाली काढून तिच्यात त्यांना चार आठवडे वेगळे ठेवण्याचे ठरले. तळाला वाळू नाही, लपायला प्लॅस्टिकच्या नळीचे दोन तुकडे, स्वतंत्र फिल्टर, स्वतंत्र जाळी आणि बादली. सहाव्या दिवशी एका माशाच्या परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. दुसऱ्या दिवशी ते दोघांच्याही अंगावर होते. हा मात्र खरा आजार होता.

इक्थिऑफ्थिरियस नावाच्या एकपेशी परजीवीमुळे होणारा हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग लोच माशांना फार लवकर गाठतो. त्याचे आयुष्य तीन टप्प्यांचे असते. ठिपका दिसतो तेव्हा परजीवी त्वचेच्या थराखाली सुरक्षित असतो आणि तेथे औषध पोहोचत नाही. वाढ पूर्ण झाली की तो गळून तळाशी जातो, भोवती कवच करतो आणि एकाचे शेकडो होतात. ती पिले पोहत बाहेर पडतात आणि साधारण दोन दिवसांत त्यांना मासा गाठावाच लागतो, अन्यथा ती मरतात. औषधाचा प्रभाव चालतो तो केवळ या पोहणाऱ्या अवस्थेवर. म्हणून ठिपके गेले की रोग गेला असे समजून औषध थांबविणे, ही सर्वांत मोठी चूक ठरते. दिसणारे कर्ज फिटले तरी न दिसणारे येणे बाकी असते. ऊबदार पाण्यात हे चक्र काही दिवसांत पुरे होते, थंड पाण्यात ते आठवडे रेंगाळते. क्लाउन लोचला उष्णता मानवते, म्हणून काही जाणकार तापमान हळूहळू ३० अंशांपर्यंत नेऊन आणि भरपूर हवा देऊन औषधावाचूनही हा रोग हटवितात. प्रवाही, थंडाव्याच्या पाण्यातील झेब्रा लोचवर मात्र हा प्रयोग करू नये.

रत्नागिरीहून सल्ला मिळाला. तापमान दोन दिवसांत २८ अंशांवर न्यावे, हवेचा पंप अखंड चालवावा, तळ रोज नळीने ओढून स्वच्छ करावा आणि औषधाची अर्धी मात्रा एक दिवसाआड, प्रत्येक वेळी आधी पाव पाणी बदलून द्यावी. हातमोजे घालावेत, कारण मॅलाकाइट ग्रीन माणसाच्या त्वचेलाही चांगले नव्हे.

या वेळी हिशेब नातवाने केला. ६० गुणिले ३० गुणिले २५ म्हणजे ४५,००० घन सेंटिमीटर, म्हणजेच ४५ लिटर. पूर्ण मात्रा साडेचार मिलिलिटर, अर्धी सव्वादोन. आजोबांनी तोच गुणाकार स्वतः पुन्हा करून पाहिला. मग बाटलीच्या मागची बारीक अक्षरे मोठ्याने वाचली. सिरिंजमध्ये सव्वादोन मिलिलिटर ओढून घेतले, ते एका तांब्याभर पाण्यात मिसळले आणि टाकीत सावकाश सोडले. ज्या हाताने पन्नास वर्षे तराजू धरला, तो हात त्या दिवशी थोडा थरथरत होता. नंतरचा एक तास ते खुर्चीवरून हलले नाहीत, माशांचे श्वास मोजत बसले.

पाचव्या दिवशी ठिपके दिसेनासे झाले. उपचार चौदाव्या दिवसापर्यंत चालू राहिला. त्यानंतर पाणी बदलून कोळसा ठेवण्यात आला आणि आणखी चार आठवडे ते दोघे वेगळेच राहिले. मोठ्या टाकीतील पाच जुन्या माशांना या सर्व प्रकरणाचा स्पर्शही झाला नाही.

ज्या दिवशी नवे दोघे मोठ्या टाकीत सोडले गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा नेहमीप्रमाणे खुर्चीवर बसले. दोन मोठे मासे पुन्हा राखेच्या रंगाचे झाले होते. पट्टे विरले होते. दोघे एकमेकांना खेटून घेर धरीत होते आणि काचेतून टकटक ऐकू येत होती. नातू धावत आला. “आजोबा, पाहिलंत का? परत तसंच झालं!”

“पाहिलं, बाळ. तू दाणे टाक.”

दाणे पडले. दोन्ही राखाडी मासे भांडण सोडून तळाशी आले, खाऊन पुन्हा भांडू लागले. आजोबांनी त्यांचे श्वास मोजले, पाण्याचे तापमान पाहिले, वही उघडली. औषधाची बाटली कपाटात होती, तेथेच राहिली. दुपारी जेवायला आले तेव्हा दोघांचेही अंग हळदीसारखे झाले होते आणि सातही मासे कुंड्यांत दाटीवाटीने पडले होते.

त्या तारखेपुढे वहीत चार नोंदी आहेत. पट्टे फिके. श्वास नेहमीसारखा. दाणे खाल्ले. काही केले नाही.